मुंबई–लंडन–सॅन फ्रान्सिस्को: बाहेरचं बघायचं असेल तर खिडकी कोणत्या बाजूची?

निळाई

माझे आई-बाबा सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्याकडे, सॅन होजेला यायला निघताहेत. दोघांचा पहिलाच परदेशप्रवास. वाटेत लंडनला ताईकडे चार दिवस राहणार आहेत, त्यामुळे मुंबई-लंडन आणि लंडन-सॅन फ्रान्सिस्को अशी दोन वेगळी तिकिटं आहेत.

बाबांनी सातारा जिल्ह्यातल्या शाळेत उभी हयात भूगोल शिकवला. नकाशा न बघता फळ्यावर खंड काढायचे. त्यांनी एकच मागणी केली आहे: "पुढच्या पडद्यावरचे सिनेमे मला नकोत, खिडकी तेवढी मिळू दे." आईला खिडकीचं विशेष नाही. गुडघ्यांमुळे तिला मधूनमधून उठावं लागतं.

मुंबईहून दोन पर्याय आहेत. एक दुपारी साडेबाराला निघून संध्याकाळी लंडनला पोचतं, दुसरं मध्यरात्रीनंतरचं आणि थोडं स्वस्त आहे. लंडनहून पुढचं विमान दुपारी एकच्या सुमाराला आहे. सीट निवडायला वेगळे पैसे पडतात, तेव्हा एकदाच नीट ठरवायचं आहे. डावी की उजवी? पुढे की मागे? बाबांना खरोखर काय काय दिसू शकेल?

घाटवाट

निळाई, सीटच्या आधी विमान ठरव. दुपारचंच घे. मध्यरात्रीच्या विमानाने जवळपास सगळी वाट अंधारात जाते आणि उजाडेपर्यंत युरोपही सरत आलेला असतो. वाचलेले पैसे बाबांच्या दृष्टीने काहीच कामाचे नाहीत.

आता बाजू. मी आधी सूर्य बघतो. आपल्या गोलार्धात युरोप-अमेरिकेच्या अक्षांशांवर दुपारचा सूर्य दक्षिणेला असतो. मुंबईहून लंडनला जाताना विमानाचं नाक वायव्येला, म्हणजे ऊन डाव्या खिडक्यांवर. त्या बाजूला काचेवरचे ओरखडे चमकतात, खालचा धुरकटपणा पांढरा दिसतो आणि तासाभरात कुणीतरी पडदा ओढायला लावतं. उजवीकडे सूर्य पाठीशी येतो, खालची जमीन समोरून उजळलेली दिसते आणि डोळ्यांना त्रास होत नाही. लंडन-सॅन फ्रान्सिस्कोलाही तेच. म्हणून माझं उत्तर दोन्हीकडे उजवी बाजू. बहुतेक मोठ्या विमानांत डावीकडची खिडकी 'ए' आणि उजवीकडची 'के' असते, तरी आराखडा बघूनच घे.

मुंबईत उड्डाण पश्चिमेकडे झालं तर जुहूवरून थेट समुद्रावर. उजव्या खिडकीत वर्सोवा आणि मढ येतात, ढग नसले तर पुढचा किनाराही. मग बराच वेळ नुसता अरबी समुद्र. खरी मजा पूर्व तुर्कस्तानात आहे. निघाल्यापासून पाचेक तासांनी उजव्या हाताला वान सरोवर येतं, त्याच्या काठावर सुफान हा चार हजार मीटरचा ज्वालामुखी. हवा स्वच्छ असेल तर त्याच्याही पलीकडे अरारात, 5,137 मीटर उंच, आजूबाजूला त्याच्या तोडीचं दुसरं काही नाही. अकरा किलोमीटर उंचीवरून क्षितिज साधारण पावणेचारशे किलोमीटरवर असतं, आणि शिखर उंच असलं की ते त्याहून लांबूनही डोकं वर काढतं.

शेवटी लंडन. तिथे बहुतेक दिवस वारा पश्चिमेचा, त्यामुळे हीथ्रोला विमानं पूर्वेकडून, शहरावरून उतरतात. उजव्या खिडकीतून थेम्सची वळणं, टॉवर ब्रिज, शार्ड, लंडन आय, पार्लमेंट असं ओळीने दिसत जातं. सप्टेंबरात संध्याकाळी सहाला चांगला उजेड असतो.

उत्तरायण

मी म्युनिकला राहतो आणि मला हे अर्धंच पटलं. डावीकडे आल्प्स आहेत! मुंबई-लंडन विमान हंगेरी, ऑस्ट्रिया, दक्षिण जर्मनीवरून गेलं तर आल्प्सची अख्खी रांग डाव्या खिडकीला बराच वेळ सोबत करते. भूगोलाच्या शिक्षकाला वलीपर्वत दाखवायचा असेल तर यापेक्षा चांगली जागा नाही. अरारात तर ढगात असला किंवा मार्ग बदलला की गेलाच.

घाटवाट

आल्प्सबद्दल वाद नाही. पण निळाईच्या विमानाची वेळ बघ. ते तिथे पोचेल तेव्हा स्थानिक पाच वाजलेले असतील. सूर्य नैऋत्य-पश्चिमेला कललेला, म्हणजे आल्प्सच्या मागच्या अंगाला. रांग काळसर आणि धुरकट दिसेल, बर्फाचा तपशील कळणार नाही. सकाळचं विमान असतं तर मीही डावी सांगितली असती.

मार्ग बदलण्याचा मुद्दा मात्र फार महत्त्वाचा आहे. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने आपलं आकाश भारतीय कंपन्यांना बंद केलं, तेव्हापासून भारतीय कंपन्यांची विमानं अरबी समुद्रावरून वळसा घालून जातात. इराण-इराकवरचं आकाशही अधूनमधून बंद होतं. तेव्हा नुसता पृथ्वीगोलावर दोरा ताणून मार्ग काढू नकोस. फ्लाइटरडार24 वर त्याच क्रमांकाच्या उड्डाणाचे गेल्या काही दिवसांतले मार्ग बघायला मिळतात. त्यातले चार-पाच बघ, कल रोजच्या रोज कळतो. वान सरोवर कोणत्या हाताला राहतं हेही तिथेच पक्कं होईल.

माहेरवाशीण

बाजूचं ठरवा, पण आईंचंही बघा. तीन सीटच्या ओळीत बाबा खिडकीला, आई मध्ये आणि कडेला परका माणूस अशी रचना झाली तर आई संकोचून उठणारच नाहीत. दहा-अकरा तास पाय लोंबते ठेवून एका जागी बसणं या वयात चांगलं नाही. पायांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो, दर दीड-दोन तासांनी चार पावलं टाकायलाच हवीत. आधीपासून काही त्रास असेल तर पाय आवळून धरणाऱ्या खास पायमोज्यांबद्दल डॉक्टरांना विचारा.

यावर चांगला उपाय म्हणजे दोनच सीटची ओळ. एअरबस ए330 मध्ये इकॉनॉमीत दोन-चार-दोन अशी मांडणी असते, म्हणजे खिडकी बाबांना आणि वाटेकडची आईंना, तिसरं कुणी नाही. बोइंग 777 मध्ये बाकी ओळी तीन-चार-तीन असल्या तरी शेपटीकडे विमान निमुळतं होतं, तिथे काही कंपन्या शेवटच्या ओळींत कडेला दोनच सीट ठेवतात. माझ्या सासू-सासऱ्यांसाठी आम्ही नेहमी तीच जोडी घेतो. स्वच्छतागृह जवळ असल्याने थोडी वर्दळ असते. पण मनात येईल तेव्हा उठता येतं, हे सुख फार मोठं आहे.

कॅमेरावाला

माहेरवाशीण यांना दुजोरा, आणि मागची जागा बघण्याच्या दृष्टीनेही चांगली. मोठ्या विमानात पंख इकॉनॉमीच्या बऱ्याच ओळी व्यापतो. पंखावर बसलात तर खाली काही दिसत नाही. पंखाच्या लगेच मागे बसलात तर इंजिनाच्या गरम हवेमुळे जमीन थरथरताना दिसते, फोटो तर हमखास बिघडतो. म्हणून एकतर पंखाच्या बऱ्यापैकी पुढे, नाहीतर बरंच मागे.

दुसरी गोष्ट, खिडकीची सीट म्हणजे समोर खिडकी असेलच असं नाही. सीटच्या ओळी आणि खिडक्या जुळत नाहीत, काही ठिकाणी भिंतीत हवेच्या नळ्या गेल्यामुळे खिडकीच नसते. कंपनीच्या आराखड्यात हे कळत नाही. एरोलोपा नावाच्या संकेतस्थळावर विमानांचे मापात काढलेले आराखडे आहेत, त्यात प्रत्येक ओळीसमोर खिडकी नेमकी कुठे येते ते दिसतं. पैसे भरण्याआधी तिथे बघाच. विमान बोइंग 787 असेल तर खिडक्या मोठ्या आणि उंच असतात, वाटेकडे बसलेल्या आईंनाही क्षितिज दिसेल.

फोटोसाठी: फोन काचेच्या अगदी जवळ धरायचा, टेकवायचा नाही, टेकवला की थरथर उतरते. गडद रंगाचा शर्ट घाला, पांढऱ्याचं प्रतिबिंब काचेत येतं. पोलरायझर फिल्टर लावू नका, खिडकीच्या प्लॅस्टिकमुळे चित्रभर इंद्रधनुषी पट्टे उमटतात. आणि सूर्याकडच्या बाजूला बसून चांगला फोटो क्वचितच मिळतो, तेव्हा घाटवाट यांची उजवी बाजू मलाही मान्य.

डोंगरवेडा

सावलीच्या बाजूचं आणखी एक देणं कुणी सांगितलं नाही अजून. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर ज्या इंद्रवज्रासाठी आपण पावसाळ्यात ताटकळत बसतो, ते विमानातून कितीतरी सहज दिसतं. खाली ढगांचा सपाट थर हवा आणि सूर्य आपल्या पाठीशी हवा, एवढंच. सूर्याच्या बरोब्बर विरुद्ध दिशेला ढगांवर नजर ठेवायची. तिथे रंगीत वर्तुळं दिसतात, विमान ढगांच्या जवळ असेल तर मधोमध विमानाची सावलीही. वर्तुळांचं केंद्र सावलीत नेमकं तिथेच असतं जिथे बघणारा बसलेला आहे. पंखापुढे बसलात तर सावलीच्या पुढच्या भागात, मागे बसलात तर शेपटीकडे.

सरांना हे आधी सांगून ठेवा. विमान वर चढताना ढगांचा थर ओलांडला की लगेच बघायला लागायचं, तेव्हा विमानाची सावली सर्वांत मोठी आणि ठळक असते. सप्टेंबरात मुंबईवर ढग असणारच. मात्र दुपारी साडेबाराला आपल्याकडे सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे वर्तुळ पार विमानाखाली जाईल. तुर्कस्तान ओलांडल्यावर, सूर्य उतरला की शोधा.

निळाई

किती मनापासून लिहिताय सगळे! बाबांना फोनवर वाचून दाखवलं. सुफानचं नाव ऐकून त्यांनी लगेच ॲटलास काढला.

दुपारचं विमान पक्कं केलं. आता लंडनच्या पुढचं सांगा. ग्रीनलंड खरंच दिसतं का? की विमान दक्षिणेकडून समुद्रावरूनच जातं?

ध्रुवमत्स्य

मी सिएटलला असतो. माझ्या मते पृथ्वीवरच्या सगळ्या नेहमीच्या विमानमार्गांत हा मार्ग पहिल्या दोन-तीनांत मोडेल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लंडन ते सॅन फ्रान्सिस्को सर्वांत जवळची रेषा काढली तर ती साधारण 65 अंश उत्तरेपर्यंत वर चढते आणि तो सर्वांत वरचा बिंदू ग्रीनलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळ येतो. म्हणजे ग्रीनलंडचा दक्षिण भाग आडवा ओलांडूनच जायचं. वाऱ्याप्रमाणे मार्ग रोज थोडा वर-खाली होतो, कधी आइसलँडवरून, कधी दक्षिण टोकाजवळून. पण ग्रीनलंड पूर्ण चुकण्याचे दिवस कमी.

निघाल्यापासून तासाभरात स्कॉटलंड, मग अटलांटिक, बहुधा ढगांखाली. तीन-साडेतीन तासांनी पूर्व किनारा. ही वेळ चुकवायची नाही. जेवणाची ताटं उचलून झालेली असतात, केबिनमध्ये अंधार करतात, लोक झोपतात आणि नेमका तेव्हाच हा किनारा येतो. आधी काळ्या पाण्यावर पांढरे ठिपके दिसतात, ते हिमनग. मग काळेकभिन्न, धारदार डोंगर आणि त्यांच्यामधून समुद्रात उतरलेल्या फिओर्डच्या, म्हणजे हिमनद्यांनी कोरलेल्या खोल खाड्यांच्या, अरुंद पट्ट्या. डोंगरांच्या खिंडीखिंडीतून हिमनद्या कढईतून उतू जाणाऱ्या दुधासारख्या खाली आलेल्या असतात. हिमनदीच्या अंगावरचे काळे पट्टेसुद्धा वरून स्पष्ट दिसतात. ते मध्य हिमोढ, म्हणजे दोन हिमनद्या एकत्र आल्यावर त्यांच्या काठांवरचा दगडगोटा मधोमध वाहत आलेला. सरांनी हे आकृती काढून कितीदा शिकवलं असेल!

त्यानंतर हिमस्तर. सुरुवातीला बर्फातून डोंगरांची नुसती टोकं वर आलेली दिसतात, त्यांना नुनाताक म्हणतात. मग तीही संपतात आणि फक्त पांढरं. हा बर्फ साधारण 17 लाख चौरस किलोमीटर पसरला आहे, महाराष्ट्राच्या साडेपाच पट, आणि मध्यभागी त्याची जाडी तीन किलोमीटरच्या वर जाते. अनेकांना हा भाग कंटाळवाणा वाटतो. मला नाही वाटत. खाली काहीच बदलत नाही आणि विमान ताशी नऊशे किलोमीटरने चाललेलं असतं, तेव्हा त्या बर्फाचा आकार अंगावर येतो.

पश्चिम किनारा उतरताना हिमस्तराची कड भेगाळलेली दिसते. सप्टेंबरात बर्फ वितळून साचलेली निळी तळी बहुतेक गोठू लागलेली असतात, जुलै-ऑगस्टमध्ये ती जास्त दिसतात. त्या वेळी सूर्य बरोबर दक्षिणेला, म्हणजे डावीकडे. उजव्या बाजूची सीट इथे सर्वांत जास्त वसूल होते.

पुढे कॅनडात अगणित तळी. हिमयुगातल्या बर्फाने खरवडून ठेवलेला खडक आहे तो. मग प्रेअरीच्या सपाट प्रदेशातल्या शेतांचे चौकोन, रॉकी पर्वत. शेवटच्या तासात पुन्हा जागं व्हायचं: ऑरेगनमधलं क्रेटर लेक, 594 मीटर खोल, सुमारे 7,700 वर्षांपूर्वी ज्वालामुखी आत ढासळून झालेलं. मग 4,322 मीटरचा माउंट शास्ता. मार्ग आयडाहो-नेवाडाकडून आला तर दोन्ही उजव्या हाताला, थोडे लांब. तेव्हा सूर्य मात्र उजवीकडे पुढे आलेला असेल, तेवढा त्रास सोसायचा. उतरताना सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या दक्षिण टोकाला लाल-गुलाबी-तपकिरी चौकोन दिसतील. ती मिठागरं आहेत, खारट पाण्यातल्या सूक्ष्म जीवांमुळे तो रंग येतो. भांडुप-मुलुंडची मिठागरं लोकलमधून बघितलेल्या माणसाला ओळख पटायला वेळ लागणार नाही.

माहेरवाशीण

वाचताना अंगावर काटा आला, ध्रुवमत्स्य. आम्ही याच वाटेने जातो आणि मी डोळ्यांवर पट्टी बांधून झोपते!

शांतिप्रिय

एक वेगळी बाजू मांडतो. केबिन अंधारी केल्यावर एकच खिडकी उघडी ठेवली की तो झोत थेट पलीकडच्या रांगेत झोपलेल्यांच्या तोंडावर येतो. कुणी रात्रभराचा प्रवास करून जोडविमान पकडलेलं असतं, कुणाजवळ लहान बाळ असतं. खिडकीचे पैसे भरले म्हणजे पूर्ण केबिनच्या उजेडावर हक्क मिळत नाही. बाबांना जरूर बघू द्या, पण याचंही भान असावं.

कॅमेरावाला

मुद्दा रास्त आहे. सावलीच्या बाजूला झोत सूर्याच्या बाजूएवढा येत नाही, हे एक. शिवाय पडदा चार बोटं वर ठेवून, डोकं खिडकीशी नेऊन, वरून शाल घेतली की कुणालाही त्रास न होता बघता येतं. 787 मध्ये पडदाच नसतो, बटणाने काच निळसर गडद होते, आणि कर्मचारी सगळ्या काचा एकदम गडद करून ठेवू शकतात. तशा काचेतूनही बर्फ आणि डोंगर दिसतात, फोटो निळे येतात एवढंच.

ध्रुवमत्स्य

मी तर चढल्या चढल्या कर्मचाऱ्यांना सांगून ठेवतो की ग्रीनलंड आलं की मला थोडा वेळ काच उघडू द्या. नाही म्हटलेलं आठवत नाही. उलट एकदा त्यांच्यातली एक जण मागच्या दारावरच्या छोट्या खिडकीपाशी घेऊन गेली. सरांनी विचारावं, संकोच करू नये. तरी शांतिप्रिय यांचं बरोबर आहे, सलग पाच तास उघडी ठेवायची गरज नाही. किनाऱ्याचा अर्धा-पाऊण तास खरा मोलाचा.

यारानदीकाठ

मेलबर्नहून लिहितेय. हा धागा वाचून कुणी ऑस्ट्रेलियाला जाताना 'सूर्य दक्षिणेला' हाच नियम लावू नका. विषुववृत्त ओलांडून आमच्या अक्षांशांवर आलं की दुपारचा सूर्य उत्तरेला असतो. मुंबईहून इकडे येताना उत्तर डाव्या हाताला, म्हणजे त्या टप्प्यात सावलीची बाजू इथेही उजवीच. परतताना डावी. लाल वाळूच्या समांतर टेकड्यांच्या रांगा आणि पांढरी खारी सरोवरं मधल्या वाळवंटात बघण्यासारखी आहेत, ऊन तिरकं असेल तर फारच.

उत्तरायण

आल्प्सचा आग्रह सोडला! पण परतीचंही आताच सांगून ठेवतो. आई-बाबा कधी परतणार?

निळाई

फेब्रुवारीअखेर. सॅन फ्रान्सिस्कोहून संध्याकाळचं विमान.

उत्तरायण

मग लंडनपर्यंत डावी खिडकी. पूर्वेकडे जाताना उत्तर डाव्या हाताला येते, आणि कॅनडावरची ती लांब रात्र म्हणजे ध्रुवीय प्रकाशाची संधी. चंद्र नसला तर उत्तम. नुसत्या डोळ्यांना तो बऱ्याचदा राखाडी ढगाच्या पट्ट्यासारखा वाटतो आणि लोक ढग समजून तोंड फिरवतात. फोनचा रात्रीचा मोड लावून एक फोटो काढा, हिरवा रंग आला की खात्री पटते. डोक्यावरून ब्लँकेट घेऊन केबिनचा उजेड अडवायचा आणि डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्यायची. दिसेलच असं नाही, पण त्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत.

निळाई

सगळ्यांचे मनापासून आभार. अखेर असं केलं: मुंबई-लंडन उजवीकडे, पंखाच्या बरीच मागे, समोर खिडकी असल्याची खात्री करून. तिथे तीनचीच ओळ मिळाली, म्हणून आईला वाटेकडची घेतली आणि मधली रिकामी सोडली. ती भरली तर बघू. लंडन-सॅन फ्रान्सिस्कोला शेपटीकडची दोनची जोडी मिळाली, तीही उजवीकडे!

आता शेवटचं. खाली काय दिसतंय हे बाबांना कसं कळेल? समोरच्या पडद्यावरचा नकाशा फारच ढोबळ असतो.

घाटवाट

फोन विमान मोडवर असला तरी जीपीएस चालतं, कारण त्यात फोन फक्त उपग्रहांचे संकेत ऐकतो. निघण्याआधी ऑरगॅनिक मॅप्स हे नकाशांचं ॲप घ्या आणि तुर्कस्तान, ग्रीनलंड, कॅनडाचा उत्तर भाग, ऑरेगन, कॅलिफोर्निया एवढे नकाशे उतरवून ठेवा. विमानात फोन काचेजवळ काही मिनिटं धरला की निळा ठिपका येतो. मग नदी, तळं, गाव नावानिशी.

आणि सरांसाठी एक कागदही कर, मोठ्या अक्षरांत. एकीकडे तास, दुसरीकडे ठिकाण: पाचवा तास, वान सरोवर, उजवीकडे. असं दोन्ही प्रवासांचं. तास उड्डाणापासून मोज, कारण वाटेत घड्याळ इतक्यांदा बदलतं की स्थानिक वेळ लिहिली तर गोंधळ होईल. हातातलं घड्याळ पोचेपर्यंत निघालेल्या ठिकाणच्या वेळेवरच ठेवायला सांग, आणि विमान धावपट्टी सोडेल त्या मिनिटाची नोंद कागदाच्या डोक्यावर करायची.